ऑल्डर टेरेसचा बेचाळिसावा माणूस

१

नाताळपासूनचा हा चौथा इशारा होता आणि ऑल्डर टेरेसला आता त्याची चांगलीच सवय झाली होती. उत्तर आयर्लंडमधल्या ह्या डेरी शहरात अमक्या रस्त्यावर बॉम्ब ठेवलाय, असा कुणाचा तरी फोन कुठल्याशा हेल्पलाइनला यायचा. मग पोलीस येऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना पट्टी बांधायचे, भोंग्यातून ओरडायचे, आणि सोळा घरांतली माणसं पांघरुणं, औषधं, कुत्री आणि अर्धवट राहिलेलं विणकाम घेऊन उतारावरून खाली सेंट इटा चर्चच्या हॉलमध्ये यायची. तिथे चहा व्हायचा. अंडं-कांद्याची सँडविचेस व्हायची. तीन-चार तासांनी बॉम्बऐवजी रंगाचा रिकामा डबा निघायचा, आणि सगळे जांभया देत घरी जायचे.

"ह्या पोरांना रविवारच कसा सापडतो?" फिंटन हार्किनने विचारलं. फिंटन प्लंबर होता आणि स्वतःला विनोदी समजत असे. "मधल्या वारी ठेवा की बॉम्ब. कामाला दांडी तरी मारता येईल."

"मधल्या वारी ती झोपलेली असतात," डीनीबाई म्हणाल्या. डीनीबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि दुसऱ्याच्या विनोदावर आपला विनोद ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "क्रांती फक्त सुट्टीच्या दिवशी."

हॉल हसला. ईमर मॅकक्रॉसन मात्र हसली नाही. हॉलची व्यवस्था तिच्याकडे होती. बेलफास्टला इतिहासात पदवी घेऊन ती परत आली होती, आणि 'पोरं' हा शब्द ऐकला की तिचं डोकं फिरायचं. पोरं कसली? चाळिशी ओलांडलेली माणसं. तीस वर्षांच्या यादवीनंतर तह झाला त्या वर्षी ईमर जन्मली होती. शांतता आणि ती एकाच वयाच्या, चोवीस वर्षांच्या. आणि ह्या माणसांना ती शांतता मान्य नव्हती, म्हणून डीनीबाईंनी आपल्या गुडघ्यांनिशी हा उतार उतरायचा.

पण तिची खरी काळजी वेगळी होती. तिचे डॅडी इशाऱ्याच्या वेळी घराबाहेर पडत नसत. पोलिसांनी दार ठोठावलं की कॅहल मॅकक्रॉसन दिवा बंद करायचे आणि अंधारात मुकाट बसून राहायचे. चारही वेळा ते घरातच होते. एखाद्या वेळी डबा रिकामा नसला तर?

ईमरने नेहमीप्रमाणे डोकी मोजली, कागदावर आकडा लिहिला आणि सँडविचेसच्या मागे लागली. रात्री घरी भांडी विसळताना तिचा हात थांबला.

तिने बेचाळीस लिहिलं होतं. रस्त्याच्या यादीत बेचाळीसच नावं होती. हिशोब अगदी बरोबर आला होता.

आणि यादीतलं एक नाव ह्या क्षणी शेजारच्या खोलीत टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती बघत बसलं होतं. दुपारीही ते तिथेच बसलं होतं.

२

पाचव्या इशाऱ्याला तिने तीनदा मोजलं. बेचाळीस. मग तिने यादी घेऊन एकेका नावापुढे खूण केली. एक्केचाळीस.

मोजताना चूक होतेच, तिने स्वतःला बजावलं. कुत्र्याला माणूस धरलं असेल. मग तिने खुर्च्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि हीटरजवळच्या खुर्चीत तिला तो दिसला.

करडा कोट, मांडीवर टोपी. वय साधारण डॅडींएवढं. तो ओ'केन जुळ्यांना नाण्याची जादू करून दाखवत होता आणि दोघी हसून हसून लोळत होत्या. त्याच्याभोवतीचा कोपरा हॉलमधला सगळ्यात आनंदी कोपरा होता.

"फिंटन, तो कोण रे?"

"कोण? तो होय. डीनीबाईंचा भाचा ना? चांगला माणूस आहे. मागच्या वेळी त्याने मला पत्त्यांत हरवलं."

डीनीबाई म्हणाल्या, "माझा भाचा? माझे सगळे भाचे टकले आहेत, पोरी. तो ओ'केनांचा पाहुणा आहे." ओ'केन नवराबायको म्हणाले, तो फिंटनकडे कामाला असतो. कुणीच त्याला कधी विचारलं नव्हतं. ऑल्डर टेरेसवर ह्याला शहाणपण म्हणत. ज्यांनी नको तिथे चौकशा केल्या त्यांचं काय झालं, हे ह्या रस्त्याने तीस वर्षं पाहिलं होतं. तह झाला, पण जिभेला लागलेली ती सवय सुटली नव्हती. अनोळखी माणूस दिसला की प्रत्येक जण त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा धरून मोकळा होई.

ईमर मात्र शांततेत वाढली होती. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आपण कुणाकडे आलात?"

त्याने मान थोडी वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हणालीस, बाळ?"

"कुणाकडे आलात? कितव्या नंबरला?"

"अगं, तुला माहीत नाही होय?" तो गोड हसला. "चहा छान झालाय हं आज. साखर नेहमीपेक्षा कमी घातलीस, ते बरं केलंस."

तेवढ्यात पोलीस सगळं ठीक असल्याचं सांगायला आले. ईमर धावत जाऊन दारात उभी राहिली आणि बाहेर पडणारा एकेक माणूस मोजू लागली. स्वतःला धरून एक्केचाळीस. ती मागे वळली. हॉल रिकामा होता. तिने व्यासपीठाचा पडदा बाजूला करून पाहिलं, दोन्ही संडास पाहिले, ख्रिसमसचं सामान ठेवायचं कपाटही उघडलं. मागच्या दाराला आतून कडी होती.

मी खाली वाकले असेन तेव्हा गेला असेल, ती मनाशी म्हणाली. पण ती वाकलीच नव्हती.

३

"म्हणजे माझ्या वाटणीचा चहा कुणीतरी पितंय," डॅडी म्हणाले. "छान झालं. वाया तर जात नाही."

"डॅडी, थट्टा पुरे. पुढच्या वेळी तुम्ही खाली येणार आहात."

"नाही येणार."

"का पण?"

कॅहल मॅकक्रॉसननी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणजे आता ते मनातलं बोलणार होते.

"मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझ्या बाबांनी मला हाताला धरून ह्याच रस्त्यावरून पळवलं. आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो, स्फोट झाला आणि माझा डावा कान गेला. पुढची पंचवीस वर्षं मी पळतच होतो. ह्यांच्या बॉम्बला पळ, त्यांच्या गोळ्यांना पळ. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी मतदानाला गेलो आणि तहाला 'हो' म्हणून फुली मारून आलो. त्या दिवशी ठरवलं, आता बस. माझं पळणं संपलं. आता हे नवे शूरवीर फोन करणार, पोलीस भोंगा वाजवणार, आणि मी चपला शोधणार? मी माझ्या खुर्चीत बसणार, ईमर. मी त्याच्यासाठीच मत दिलं होतं."

ईमरला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. त्यांचं चुकत नव्हतं. पण चूक नसलेल्या माणसाच्या अंगावरही भिंत पडते.

"आणि डबा खरा निघाला तर?"

"तर तू रडशील. फिंटन विनोद करील. डीनीबाई त्याच्यावर आणखी एक करतील." ते हसले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तो तुझा माणूस. ऐकताना कुठला कान पुढे करतो?"

ईमरने त्यांच्या वळलेल्या मानेकडे पाहिलं.

"उजवा," ती म्हणाली.

डॅडींनी टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला.

४

ईस्टरच्या सोमवारी दुपारी हॉलमध्ये मुलांसाठी अंडी रंगवायची मजा होती. सुट्टीचा दिवस, स्वच्छ ऊन, अख्खा रस्ता उशिरापर्यंत लोळत पडलेला. ईमर सकाळी साडेनऊला साठ उकडलेली अंडी आणि रंगांच्या बाटल्या घेऊन, गुणगुणतच हॉलवर आली. कुलूप तिने स्वतः उघडलं.

आत खुर्च्या मांडलेल्या होत्या.

रात्री तिने त्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. आता त्या इशाऱ्याच्या दिवशी असतात तशा, घोळक्या-घोळक्याने मांडलेल्या होत्या. डीनीबाईंच्या खुर्चीवर उशीसुद्धा होती. आणि हीटरजवळ, मांडीवर टोपी ठेवून, तो बसला होता.

"आज मीच पहिला का?" तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच मजेत होता.

"आज..." ईमरने अंड्यांचा ट्रे छातीशी धरला. "आज इशारा नाहीये."

"नाहीये ना," तो म्हणाला. "तेच तर."

ती पाठ न फिरवता मागे सरकत दाराबाहेर आली. बाहेर पक्षी ओरडत होते. एका खिडकीतून टोस्ट करपल्याचा वास येत होता. विचार कर, ती स्वतःला म्हणाली, तू शिकलेली मुलगी आहेस. हा माणूस बॉम्ब ठेवणाऱ्यांपैकी असेल तर त्याला काहीतरी माहीत आहे. त्यांच्यापैकी नसेल तर... ह्या वाक्याचा शेवट तिला नको होता. दोन्हीकडून पाहिलं तरी लोक घरात नकोत, एवढं नक्की.

तिने पोलिसांना फोन लावला. "ऑल्डर टेरेस. इथे बॉम्ब आहे असं मला वाटतं."

"कुठे दिसला तुम्हाला?"

"दिसला नाही."

"मग असं का वाटतं?"

खुर्च्या मांडल्यात म्हणून. हे कसं सांगायचं?

"आपलं नाव, प्लीज?"

समोरच्या घराच्या भिंतीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की खबऱ्यांना ह्या शहरात जागा नाही. ते ईमर लहानपणापासून वाचत आली होती. जन्मभर ती त्या अक्षरांना हसली होती. तिने नाव न सांगता फोन ठेवला, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती धावतच सुटली.

५

"तू जाऊन दारं ठोठावलीस तर कोण येणार?" डीनीबाई अंगावर गाऊन ओढत म्हणाल्या. त्यांनी कसलीच चौकशी केली नाही. फक्त ईमरच्या तोंडाकडे पाहिलं. "सुट्टीच्या सकाळी पोप आला तरी फिंटन उठणार नाही. आणि तुझा बाप तर पोलिसांच्या बापाचंही ऐकत नाही. थांब."

त्या मागच्या अंगणात गेल्या. तिथे खिळ्याला कचऱ्याच्या डब्याचं एक जुनं, जड, पोचे आलेलं पत्र्याचं झाकण टांगलेलं होतं. डबा केव्हाच गेला होता. आता सगळीकडे चाकांचे प्लॅस्टिकचे डबे होते, ज्यांच्या झाकणांचा आवाज म्हणजे नुसता थापटल्यासारखा.

"पन्नास वर्षांपूर्वी ब्रिटिश सैनिकांची गाडी रस्त्यात शिरली की आम्ही बायका हे वाजवायचो," त्या म्हणाल्या. "पहिलं झाकण नेहमी माझं असायचं. ओ'केनांची म्हातारी म्हणायची तिचं, पण ती खोटारडी होती. मला धरून खाली बसव."

एक्याऐंशी वर्षांची बाई फूटपाथवर गुडघे टेकून बसली आणि झाकण दोन्ही हातांनी उचलून तिने दगडावर आपटलं.

तो आवाज ईमरने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. धाड, धाड, धाड, सोळा घरांच्या भिंतींवर आदळून तो परत येत होता. आणि रस्ता उघडला. पन्नाशीच्या पुढची माणसं आधी आली, झोपेतून, अनवाणी, कुणी हातात तवा घेऊन, कुणी कढईचं झाकण घेऊन. काय झालं हे कुणी विचारलं नाही. हात-पाय आपोआप हलत होते. त्यांच्या मागून पोरंसोरं डोळे चोळत आली. फिंटन चड्डीवर आला.

"युद्ध सुरू झालं की संपलं?" तो ओरडला.

"आधी पँट घाल," डीनीबाई झाकण आपटत ओरडल्या, "मग सांगते!"

आणि बारा नंबरचं दार उघडलं. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा, पायात काही नाही, असे कॅहल मॅकक्रॉसन रस्त्यावर उभे होते. आपण बाहेर कसे आलो हे त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"हा पोलिसांचा भोंगा नाही," ते चिडून म्हणाले, जणू कुणी त्यांना फसवलं होतं.

"नाही, डॅडी," ईमर म्हणाली आणि तिने त्यांचा दंड घट्ट धरला. "चला."

६

हॉलमध्ये तो नव्हता.

बाकी सगळे होते. तिने नावं पुकारली. बेचाळीसच्या बेचाळीस, ह्या वेळी डॅडींना धरून. ते हीटरजवळच्या खुर्चीत बसले आणि लगेच थोडे उठून पुन्हा बसले.

"खुर्ची गरम आहे," ते म्हणाले.

"हीटर आहे ना बाजूला."

"हीटर बंद आहे, ईमर."

दहा मिनिटं गेली. रस्ता उन्हात स्वस्थ पडला होता. लोकांची झोप उडाली आणि जिभा सुटल्या. डीनीबाईंना म्हातारपणी पुन्हा तारुण्य आलंय, असं फिंटन म्हणाला. तुला तर अजून एकदाही आलं नाही, असं डीनीबाई म्हणाल्या. कुणीतरी रंगवायची अंडी सोलून खायला सुरुवात केली. "ही सराव कवायत होती," ईमर सांगत होती, आणि तिचं तिलाच ते पटत नव्हतं. पोलीस आले नव्हते. निनावी फोनांना ते आता कंटाळले असतील. आपण खुळ्यासारखं काहीतरी करून बसलो, असं तिला वाटू लागलं, आणि त्या विचाराने तिला चक्क हायसं वाटलं.

"मी चाललो," डॅडी म्हणाले. "अर्धी दाढी घेऊन किती वेळ बसू?"

"पाच मिनिटं थांबा."

"ईमर."

"डॅडी, पाच मिनिटं!"

ते दारापर्यंत पोचले होते. ती धावत जाऊन आडवी उभी राहिली. दाराशेजारच्या खिडकीतून चढावरचा सगळा रस्ता दिसायचा, बारा नंबरची पुढची खोलीसुद्धा. डॅडी तिच्या खांद्यावरून तिकडे पाहत होते. त्यांच्या गालावरचा फेस वाळून पांढरा झाला होता.

"आपल्या घरात कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने पाहिलं. पुढच्या खोलीत, डॅडींच्या खुर्चीत, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. टीव्हीचा निळा उजेड हलत होता. त्या माणसाने हात लांब करून, अगदी घरच्यासारखा, पडदा ओढून घेतला.

"कोण आहे तो? हो बाजूला. मी बघून येतो."

"नाही."

"माझं घर आहे ते!"

"मला माहीत आहे कुणाचं घर आहे ते," ईमर म्हणाली. तिने त्यांच्या दोन्ही बाह्या धरल्या होत्या आणि ती रडत होती. "तुम्ही म्हणालात ना, तुमचं पळणं संपलं? मग आता पळू नका. इथे उभे राहा. माझ्यासाठी नुसते उभे राहा."

ते थांबले. किती वेळ, हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही.

मग खिडकी आत आली.

७

कुणाला फारसं लागलं नाही. फिंटनच्या कपाळाला काच लागली, ती तो पुढे वर्षभर लोकांना दाखवत हिंडला. बारा नंबरसमोर दोन दिवस एक करडी गाडी उभी होती, बॉम्ब तिच्यातच होता, आणि प्रत्येकाने ती दुसऱ्याच्या पाहुण्याची धरली होती. इशाऱ्याचा फोन नंतर आला, पंचवीस मिनिटांनी, आणि तोही दुसऱ्याच रस्त्याचं नाव सांगून.

"माझी पुढची खिडकी गेली म्हणे," डीनीबाई पांघरुणात बसून म्हणाल्या. "बरं झालं. त्या पडद्यांचा मला कंटाळा आला होता." सगळे हसले, नको इतकं हसले, एकमेकांना धरून. ओ'केन जुळ्या फुटलेली अंडी गोळा करत होत्या. जिवंत असण्याचा एवढा गलका सेंट इटाच्या हॉलने कधी ऐकला नसेल.

मग दारात एक पोलीस अधिकारी बाई आली, तरुण, दुसऱ्या गावची, हातात वही घेतलेली. सगळे तिच्याकडे वळले. गोंगाट असा थांबला जणू कुणी नळ बंद केला.

"सगळे बाहेर आलात ना?" तिने विचारलं. "बारा नंबरचा पुढचा भाग पूर्ण गेलाय. आमच्या माणसांना आत जावं लागेल. आत कुणी होतं का?"

सगळ्यांच्या तोंडावर तीस वर्षांची सवय चढली. डीनीबाई आपल्या हातांकडे बघू लागल्या. फिंटन छताकडे. बाईने पुन्हा विचारलं. ईमरने डॅडींचा हात धरला.

"मघाचा फोन मी केला होता," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माझं नाव लिहून घ्या. ईमर मॅकक्रॉसन, बारा, ऑल्डर टेरेस. आणि हो, आत एक माणूस होता. दर इशाऱ्याला इथे हीटरजवळ बसायचा, तोच."

"मीही पाहिला," डॅडी म्हणाले. "कॅहल मॅकक्रॉसन. लिहा."

आणि मग ते सुरू झालं. उंच होता, असं फिंटन म्हणाला. कुठला उंच, बुटका, ओ'केन म्हणाले. लाल केस. पिकलेले केस. अगदी माझ्या थोरल्या भावासारखा दिसायचा, डीनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पांघरूण ओढून घेतलं, कारण त्यांचा थोरला भाऊ कसा गेला हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ऑल्डर टेरेस पोलिसांशी बोलत होता, सगळाच्या सगळा, एकमेकांना अडवत, खोडून काढत, आणि प्रत्येक जण वेगळ्याच माणसाचं वर्णन करत होता. करडा कोट तेवढा सगळ्यांचा सारखा होता.

ती बाई भराभर लिहीत होती. मग तिचा हात मंदावला. तिने मान वर केली आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून, मागच्या हीटरकडे पाहिलं.

"करडा कोट?" तिने सहज विचारलं. "मग तो तर इथेच बसलाय ना. तोच का?"

बेचाळीस माणसं तिच्याकडे तोंड करून उभी होती. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. हॉलमध्ये कुणीतरी प्रसन्नपणे घसा खाकरला.

ईमरने डॅडींचा हात सोडला आणि ती मागे वळली.